बांबूच्या पुस्तकातली गाळलेली गोष्ट

बांबू प्रशिक्षण केंद्राच्या साहेबांच्या पहिल्या पुस्तकात माझे हात होते, तोंड नव्हतं. टोपल्या विणल्या मी, रीत सांगितली मी, आणि फोटोत मनगटापुढचं तेवढं ठेवून साहेबांनी वर स्वतःचं नाव छापलं. तो राग मी गिळला नाही, जपून ठेवला.

पुढच्या वर्षी बांबू टिकवायचा कसा, हे विचारायला ते पुन्हा चामोर्शीजवळच्या आमच्या गावी आले. कोवळा कोणता, पिकलेला कोणता, कधी तोडायचा, सगळं सांगितलं. तोडल्यावर महिनाभर नाल्यात बुडवून ठेवायचा, हे तेवढं मुद्दाम गाळलं. बुरडाच्या घरची मी. न बुडवलेल्या बांबूला कीड लागतेच, हे मला ठाऊक होतं. लागू दे म्हटलं.

साहेबांनी त्या रीतीने केंद्रात मांडव उभारला, दुसरं पुस्तकही काढलं. मग इथिओपियातून बांबूचं काम करणाऱ्या बाया शिकायला आल्या. टोपल्या विणून दाखवायला आम्हालाही बोलावलं होतं. मांडवाखाली चहा चालला होता आणि वरून पोखरलेल्या बांबूची पिवळी पूड साहेबांच्या कपात पडत होती. मला काय गोड वाटलं म्हणून सांगू!

पण त्यातली एक बाई साहेबांचा शब्द न् शब्द उतरवून घेत होती. तिच्या गावच्या धान्यकोठाराचं छप्पर याच रीतीने होणार, असं साहेबांनीच आम्हाला कौतुकाने सांगितलं. माझा दात साहेबांवर, आणि छप्पर कोसळणार तिचं.

मी उठले. "साहेब, बांबू महिनाभर नाल्यात बुडवून ठेवा लागते. तुमच्या पुस्तकात नाई ते. सांगा त्यायले."

"आधी का नाही सांगितलंत?"

"फोटोत माहं तोंड काऊन कापलं होतं?"

दुभाषी दुसरं कोणी नव्हतं. आपलं पुस्तक चुकलं, हे साहेबांनाच इंग्रजीत सांगावं लागलं. मी ते दोनदा वदवून घेतलं. खोटं कशाला बोलू, त्याची लाज मला आजही वाटत नाही.

बाईने वहीतलं पान खोडलं आणि माझ्याजवळ येऊन बसली. दुसऱ्या दिवशी माझ्या घरी आली. तिच्याकडे विणायच्या आधीच बांबूच्या चिरलेल्या कांबी बरेच दिवस धुरावर टांगतात. कशा, ते तिने माझ्या चुलीवर हातानेच दाखवलं. आमचा नाला उन्हाळ्यात आटतो, तेव्हा आता तिचीच रीत चालते. एकही टोपली पोखरली नाही.

तिसऱ्या पुस्तकासाठी साहेब दोनदा येऊन गेले. धुराचं मी त्यांना सांगितलेलं नाही, आणि सांगणारही नाही.