रोवलेल्या भुवया

भाच्याचा फोन आला तेव्हा मी भंडाऱ्याच्या घरी लाखोळीची डाळ निवडत बसले होते. "आत्या, आई गेली," एवढंच तो म्हणाला. सुमन वहिनी, माझ्या थोरल्या भावाची बायको, झोपेतच गेली होती. तीनच आठवड्यांपूर्वी मी सिहोऱ्याला, आमच्या गावी, तिच्याजवळ चार दिवस राहून आले होते. तिच्या अंगात त्राण नव्हतं, पण जीभ शाबूत होती. माझ्याकडे निरखून बघत म्हणाली, "बाई, तुह्या भुवया पांढऱ्या होऊन राहिल्या. पेन्सिल देऊ का?" आणि आम्ही दोघी म्हाताऱ्या हसत सुटलो... आमच्या नात्याची सुरुवातच मुळी भुवयांपासून झाली होती, हे तिच्या मुलालासुद्धा धड ठाऊक नाही. म्हणून हे लिहायला बसले.

दादाचं लग्न झालं तेव्हा मी बारा वर्षांची होते आणि सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. वहिनी भंडाऱ्याजवळच्या शहापूरची. हायवेवरच्या गावातल्या पोरी आम्हाला उगाचच शहरी वाटायच्या. ती सावळी, शेलाटी, आणि तिच्या भुवया अशा काही रेखीव की मी शाळेतल्या मैत्रिणींना मुद्दाम घरी आणून दाखवायची. ती सगळ्यांच्या आधी उठायची, याचं आईला कौतुक वाटतं असं मला वाटे. मला मात्र ते अजिबात आवडत नसे, कारण माझ्या आळशीपणाला तिचं उदाहरण दिलं जाई.

एका सकाळी मला लवकर जाग आली आणि तोंड धुवायला न्हाणीत शिरले. वहिनी कोनाड्यातल्या आरशासमोर उभी होती, चेहरा ओला, आणि भुवयांच्या जागी दोन्हीकडे जेमतेम चार-चार केस. मी बावळटासारखी बघतच राहिले. तिनं हातातली काजळाची वाटी पदराआड घेतली.

"कोनाले सांगू नोको बाई," ती म्हणाली. "मले माहेरी धाडतीन."

आज हे कुणाला अतिशयोक्त वाटेल. पण तेव्हा आमच्या भागात कुणाच्या भुवया विरळ झाल्या की लोक कुजबुजत पहिलं नाव घ्यायचे ते महारोगाचं. शेजारच्या गावातली एक सून नुसत्या संशयावरून माहेरी पाठवली गेली होती, ती परत आलीच नाही. वहिनीच्या भुवया जन्मापासूनच तशा होत्या. रोग नव्हता, काही नव्हतं. पण हे दारोदार जाऊन कुणाला पटवणार? तिच्या आईनं लग्नाआधी बजावलं होतं की धुतलेलं तोंड सासरी कुणाला दाखवायचं नाही. माझ्या पोटात एरवी काही राहायचं नाही. पण ही एक गोष्ट मी पोटात ठेवली, याचा मला अजून अभिमान आहे.

त्या मौनाच्या बदल्यात तिनं मला तिची कला शिकवली. एरंडेलाच्या दिव्यावर पितळी ताटली धरून काजळी जमवायची, तिच्यात तुपाचा अगदी थेंब कालवायचा. थेंब जास्त झाला की वैशाखात भुवई गालावर उतरलीच म्हणून समजा. मग बांबूची बारीक तासलेली काडी घ्यायची. मी पहिल्यांदा माझ्या कपाळावर प्रयोग केला तो थेट दंडारीच्या नाटकातल्या राक्षसासारखा दिसला. वहिनीनं माझा हात धरला आणि म्हणाली, "रेघ नोको ओढू. रोवना करते ना, तसं. एक-एक परा लावाचा, बुडापासून वर." ते मला लगेच समजलं. धानाची रोपं चिखलात रोवताना कोण सलग पट्टा ओढतं?

पण खऱ्या रोवण्याला तिला कधी जायला मिळालं नाही. आषाढात घरातल्या सगळ्या बाया धानाच्या बांधीत, चिखलात उतरत, आणि आई दरवर्षी वहिनीला घरीच ठेवी. तू स्वयंपाक बघ म्हणे. वहिनीला हे लागायचं. सासूला आपण चिखलात पाय घालायच्या लायकीची वाटत नाही, असं ती मला डोळे पुसत सांगायची. पुसतानासुद्धा पदर भुवईला लागणार नाही, याची काळजी असायचीच.

मग लग्नानंतर पाचएक वर्षांनी कुष्ठरोगाच्या तपासणीची माणसं गावात आली. घरोघर जाऊन, उजेडात उभं करून प्रत्येकाला बघत होती. वहिनीनं दोन दिवस नीट अन्न खाल्लं नाही. आमची पाळी आली तेव्हा आईनं त्या कर्मचाऱ्याला आतल्या अंगणात नेलं आणि मागचा दरवाजा लावून घेतला. त्यानं वहिनीचे हातपाय पाहिले, कानाच्या पाळ्या पाहिल्या, डोळे मिटायला लावून कापसाची वात हातावर फिरवली. मग भुवयांकडे बघत त्यानं तोंड धुवायला सांगितलं. वहिनीनं धुतलं. मी भिंतीला टेकून उभी होते. त्यानं बराच वेळ पाहिलं, लहानपणापासून असंच आहे का विचारलं, आणि काही नाही, जन्मतःच आहे, असं म्हणून पुढच्या घरी निघून गेला. वहिनीनं ओला चेहरा पदरानं पुसला. आई तिच्याजवळ पाण्याचा तांब्या ठेवत म्हणाली, "उशीच्या खोळी कोन धुते या घरात? पयल्याच आठवड्यात दिसलं होतं मले काजळ."

"मंग सांगतलं काहून नाही, मामी?" वहिनीनं सासूला विचारलं.

"तुले लपवाचं होतं ना. मंग मी कायले बोलू?"

रोवण्याला घरी ठेवण्याचं कारण तेव्हा कुठे आम्हाला कळलं. पावसात, घामात, शंभर बायांसमोर ते काजळ किती वेळ टिकलं असतं? वहिनी आईच्या मांडीत डोकं घालून रडली. मीही रडले, खोटं कशाला सांगू.

गावाला मात्र काही कळलं नव्हतं. ते कळलं दहाएक वर्षांनी, बेबीच्या लग्नात. बेबी तलावाच्या पाळीजवळ राहणारी मुलगी. तिला खरोखरच तो रोग झाला होता. कित्येक वर्षं गोळ्या खाऊन ती बरी झाली, डॉक्टरनं तसं लिहूनही दिलं, पण भुवया काही परत आल्या नाहीत. नवऱ्याकडच्यांनी सगळं समजून होकार दिला होता. अडलं ते आमच्याच गावाचं. हळदीला बाया आल्या आणि भिंतीला लागून उभ्या राहिल्या. हळदीची वाटी पाटाजवळ तशीच पडून. बेबी मान खाली घालून बसली होती, आणि तिची आई एकेकीच्या तोंडाकडे बघत होती.

वहिनीनं तांब्या मागितला. मांडवात, सगळ्यांसमोर, तिनं तोंड धुतलं आणि पदरानं खसखसून पुसलं.

"माह्या बी नाहीत," ती म्हणाली. "पंधरा वर्सं माह्या हातचं जेवून राहिल्या तुमी."

तिनं भंडाऱ्याहून आणलेली भुवयांची पेन्सिल काढली, बेबीची हनुवटी वर केली आणि शांतपणे एकेक केस रोवत दोन्ही भुवया काढल्या. मग पेन्सिल बेबीच्या हातात दिली आणि आता माझ्या काढ म्हणाली. पोरीचा हात इतका कापत होता की वहिनीची एक भुवई नीट आली आणि दुसरी पार कपाळात गेली. वहिनीनं ती पुसली नाही. आई पुढे झाली, हळदीची वाटी उचलली, आणि मग बाकीच्या आल्या. दिवसभर वहिनी तशाच वाकड्या भुवईनं पंगतीत वाढत फिरली. दादानं पत्रावळीवरून मान वर करून, आज हात कसा काय चुकला, असं विचारलं. म्हणजे त्यालाही ठाऊक होतं तर. पंधरा वर्षं त्या घरात प्रत्येकजण कुणापासून तरी एकच गोष्ट लपवत होता.

त्यानंतर वहिनी भुवया काढायची ती ओसरीवर बसून, चहा झाल्यावर, भरल्या उजेडात. येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलत एक भुवई काढून व्हायची आणि दुसरी गप्पांत राहून जायची. गावातल्या नवऱ्या मुली सजायला तिच्याकडे येऊ लागल्या. ती खुशीत होती, खरंच खुशीत होती. आम्ही तिला ब्युटी पार्लर म्हणून चिडवायचो, आणि तिला ते आवडायचं.

दहाव्याला बेबी आली. आता तिलाही नातवंडं आहेत. लग्न, बारसं, बाजार, कुठेही मी तिला भुवया काढल्याशिवाय पाहिलेलं नव्हतं. त्या दिवशी ती अंगणात उभी होती, आणि चेहरा कोरा. मला वाटलं, घाईत राहून गेलं असेल. मी हळूच तिला बाजूला घेऊन म्हटलं, आत ये, मी काढून देते.

"नोको बाई," ती म्हणाली. "वैनी म्हने, मन झालं तं काढ, नाही झालं तं नोको काढू. आज मन नाही झालं."

आणि ती सरळ आत, भरल्या घरात, माणसांच्या मधोमध जाऊन बसली.