गोल न मारणाऱ्याची घागर

माझा धाकटा भाऊ फुटबॉल खेळायचा, आणि पोटापाण्यासाठी खेळायचा. धरणगावजवळच्या आमच्या खेड्यात हे कुणाला पटवून देणं महाकठीण. कपाशीच्या गावात माणूस शेती करतो, नाहीतर नोकरीला लागतो. चेंडूला लाथा मारायचा पगार मिळतो म्हटल्यावर लोक आधी हसायचे आणि मग विचारायचे, "कितला गोल मारात रे?" न्हाव्यापासून सरपंचापर्यंत सगळ्यांचा हाच प्रश्न. भाऊ सांगायचा, "एक बी नही." समोरच्याचं तोंड असं काही व्हायचं की माझा जीव जळायचा. तो मात्र खुशाल शेव-मुरमुरे खात बसलेला.

तो मधल्या फळीत होता. मागच्यांकडून चेंडू घ्यायचा आणि पुढच्यांना द्यायचा, एवढंच त्याचं काम. गोल मारणारे पुढे. मला हे त्याने आखाजीला समजावलं होतं. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा आम्हा खानदेशातल्या लेकींचा सण. मी धुळ्याहून माहेरी यायची, तोही जमेल तेव्हा यायचा, आणि दारच्या निंबाला बांधलेल्या झोक्यावर बसून आम्ही बोलायचो. तो म्हणाला, "अक्का, शेतात बारे देतो ना आपण, तेच समज." पाणी एका सरीतून दुसरीत वळवायला आमच्याकडे बारे देणं म्हणतात. त्यात तो लहानपणापासून तरबेज. ही सरी भरत येईतो त्याचं लक्ष पुढच्या सरीवर गेलेलं असायचं. आबा, म्हणजे आमचे वडील, त्याचं कौतुक करायचे ते फक्त या एका बाबतीत. पाणी भरायला हाच पाहिजे, म्हणायचे.

शाळेसाठी त्याला भुसावळला मामांकडे ठेवलं. मामा रेल्वेत. तिथल्या रेल्वेच्या मैदानाने त्याला आमच्यापासून कायमचा तोडला. आधी रेल्वेचा संघ, मग मुंबईचा एक क्लब, मग कलकत्त्याचा मोठा क्लब, आणि शेवटी भारताचा संघ. एका दमात सांगून टाकलं खरं, पण मुंबईच्या पहिल्या पावसाळ्यात त्याचा घोटा मोडला तेव्हा क्लबने त्याला घरी धाडला होता. महिनोन्महिने तो खाटेवर पडून, आणि आबा रोज येता-जाता म्हणायचे, झालं का खेळून? पाय बरा झाला तसा तो पहाटे उठून तापीच्या वाळूत पळायला जायचा. लोकांना वाटलं, बिचाऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला.

भारताकडून खेळला तेव्हा आबांना वाटलं असेल की आता पोरगा गोल मारील. तेव्हाही त्याने मारला नाही. आबा त्याचा खेळ बघायला कधीच गेले नाहीत. जळगावला सामना झाला, गेले नाहीत. मुंबईला त्याने तिकीट काढून दिलं, तेही परत. त्यांचं एकच पालुपद, "तू गोल मार, मंग मी देखाले येसू." पहिल्यांदा चेष्टेत म्हणाले असतील. पण आमच्या आबांचं असं, एकदा तोंडातून शब्द गेला की तो गिळायचा कसा हे त्यांना ठाऊकच नव्हतं. भाऊही तसाच. हट्टाला हट्ट.

मी तरी कुठे पाहिला त्याचा खेळ? एकदाच, धुळ्याला शेजारच्यांच्या टीव्हीवर. भारताचा सामना परदेशात चालला होता. खोलीत मुंग्यांसारखी माणसं, मी मागे भिंतीला टेकून. कॅमेरा सगळा वेळ चेंडूच्या मागे, आणि आमचा हा चेंडू आला रे आला की देऊन टाकायचा. मला तो दिसायचा तेवढ्यात नाहीसा व्हायचा. डोळ्यांत पाणी आलं ते अभिमानाचं होतं की रागाचं, तेव्हाही कळलं नाही.

त्याच सामन्यात चेंडू घेऊन तो पार गोलापर्यंत गेला होता. समोर फक्त गोलकीपर. मी ओरडलेच. याने काय करावं? शेजारून धावणाऱ्या केरळच्या त्याच्या जोडीदाराला चेंडू दिला, आणि गोल त्या जोडीदाराच्या नावावर लागला. पुढच्या आखाजीला मी त्याला झोक्यावरच धरला. म्हटलं, एकदा मारला असतास तर आबा उठून आले असते. तो झोका पायाने अडवून म्हणाला, "अक्का, तो मन्हापेक्षा मोकया व्हता. मंग मी त्याले दी टाका."

"एखादा टाईम तुन्हासाठे बी मार ना रे," मी म्हटलं.

त्याने झोक्याला पायाने रेटा दिला. मग हळूच म्हणाला, गोल नाही झाला तरी आबांनी एकदा यावं. एवढंच पाहिजे होतं त्याला. मी ते आबांना सांगितलं नाही असं नाही. सांगितलं. ते म्हणाले, बघू.

पुढच्या पावसाळ्यात कलकत्त्याला त्याला कावीळ झाली. क्लबने तार केली. आबा मामांना घेऊन निघाले. आयुष्यात पहिल्यांदा ते त्या शहरात गेले ते असे. पोचले तेव्हा भाऊ दवाखान्यात होता, पण कुणाला ओळखण्यापलीकडे गेलेला. सगळं तिथेच उरकलं. आबा परत आले ते मुंडण करून, अस्थींची पिशवी छातीशी धरून. आई त्यांच्याकडे बघतच राहिली. तिकडचं त्यांनी काही सांगितलं नाही. मामा म्हणाले, केरळचा तो जोडीदार तिथेही त्याच्याच क्लबात होता, तो रात्रंदिवस उशाशी होता, जळत्या चितेपाशी आबांचा दंड धरून तोच उभा होता. क्लबचं मैदान जवळच होतं, तिकडे चला म्हणून त्याने आबांना विनवलं. आबा नको म्हणाले.

भाऊ गेल्यानंतरची पहिली आखाजी आली. त्या वर्षी निंबाला झोका नव्हता. आमच्याकडे आखाजीला गेलेल्या माणसाच्या नावाने घागर भरतात. नव्या मातीच्या घागरीत पाणी, वर खरबूज, आंबे, सांजोऱ्या. आणि भावकीच्या बाहेरच्या एखाद्याला पितर म्हणून पाटावर बसवून जेवू घालतात. तेवढ्या जेवणापुरता तो आपला गेलेला माणूसच असतो. तो तृप्त झाला की गेलेला तृप्त झाला. शक्यतो वय जुळणारा बघतात, म्हणून गल्लीतल्या टेलरला आवतन गेलं होतं. तो भावाच्या वर्गातला.

आई खापरावर पुरणाचे मांडे टाकत होती आणि धुराच्या नावाखाली रडत होती. मी आंब्याचा रस काढत होते. तेवढ्यात दारात एक उंच, काळासावळा माणूस येऊन उभा राहिला. खांद्यावर बॅग. केरळचा जोडीदार. संघाबरोबर मुंबईला सामन्यांना निघाला होता, वाटेत जळगावला उतरून, विचारत विचारत एसटीने आला. भावाचे बूट त्याच्याकडे राहिले होते, ते द्यायला. आज सण आहे, काय आहे, त्याला काहीच माहीत नव्हतं.

आबा ओसरीवरून उठले. बूट घेतले, कुठे ठेवावेत ते न सुचून तसेच हातात धरून उभे राहिले. मग ते घागरीजवळ ठेवले आणि मला म्हणाले, टेलरला ताट घरी पोचतं कर, पाट याला मांड.

आमचे एक चुलत आजोबा तिथे बसले होते. त्यांना राहवेना. "कोन जातना शे हाऊ?"

"मन्हा पोऱ्याना जोडीदार शे," आबा म्हणाले. "आते हाऊच पितर बठी."

त्याला मी मोडक्यातोडक्या हिंदीत एवढंच सांगितलं की आज आमच्याकडे जेवायचंच. तो बिचारा पाटावर मांडी घालून बसला. कपाळाला गंध लावून घेतलं, हात जोडले. आबांनी चुलीतल्या निखाऱ्यावर तूप आणि नैवेद्याचा घास टाकला, आणि मग वाढायला स्वतः बसले. आमच्या घरात आबांनी कधी कुणाला वाढलेलं मी पाहिलं नव्हतं. मांडा मोडून द्यायचे, वर रस ओतायचे, वाटी भरलेली असली तरी ओतायचे. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते.

आबा खाली मान घालून म्हणाले, "पोटभर जेव रे, भाऊ."

तो म्हणाला, "हाँ, बाबा."

"मी येवाले पायजे व्हतं रे."

"हाँ, बाबा."

"गोल नही व्हयना ते नही व्हयना. नुसतं देखाले येवाले पायजे व्हतं." आबांनी रसाचा गंज पुन्हा भरल्या वाटीत ओतला. "तू बलाये, मी उना नही."

तो त्यांच्याकडे बघत होता. आमची बोली त्याला कुठली कळणार? त्याला वाटलं, म्हातारा आग्रह करतोय. पंगतीत करतात तसे त्याने दोन्ही हात ताटावर आडवे धरले आणि हसून म्हणाला, "बस, बाबा, बस. पेट भर गया."

आबांनी गंज खाली ठेवला. उठले आणि पितराच्या पाया पडायची रीत असते तसे त्याच्या पाया पडले. तो गडबडून पाय मागे घ्यायला लागला, पण आबांनी ते धरून ठेवले होते. आत आईचा मांडा करपल्याचा वास आला.

मला राग आला होता, खरं सांगते. हे शब्द ऐकायला माझा भाऊ वर्षानुवर्षं थांबला होता. ते निघाले, आणि त्यातलं अक्षर न कळणाऱ्याच्या ताटात पडले.

मागच्या दारी मी त्याच्या हातावर पाणी घालत होते. तो हळूच म्हणाला, "दीदी, बाबा क्या बोल रहे थे?"

सांगायचं म्हटलं तर त्या सगळ्याला माझं हिंदी पुरलं नसतं. मी म्हटलं, "रस लीजिए, बोल रहे थे."

"वो तो मैंने लिया," तो म्हणाला.

"हाँ," मी म्हटलं. "आपने लिया." आणि पदर तोंडात कोंबून गोठ्याकडे गेले.