पुढच्या सीटचा पट्टा

आपला अंक आमच्या लंडनजवळच्या इल्फर्डच्या घरी यायचा तेव्हा बाबा तो सगळा वाचायचे, फक्त वाचकांच्या अनुभवांचं हे सदर सोडून. "शिकलेसवरलेले लोक, सेंट्रल हीटिंगच्या घरात राहतात... आणि भुतं बघतात!" असं म्हणून पान उलटायचे. त्याच सदरात आज त्यांची मुलगी लिहिते आहे. ते असते तर काय म्हणाले असते, ते मला ठाऊक आहे. तरी लिहिते. माझं मराठी रविवारच्या वर्गातलं आणि बाबांकडून शिकलेलं आहे, चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचं घर दीक्षा घेतलेलं. आई गेली तेव्हा तेरावं नाही, पिंड नाही. हॉलमध्ये वंदना झाली, भंतेजी चार शब्द बोलले, बाबांनी आलेल्यांना जेवू घातलं. एक काकू "आत्म्याला शांती मिळो" म्हणाल्या, तर बाबा तिथल्या तिथे म्हणाले, "वहिनी, आत्मा नसतो. शांती आपल्याला लागते." मी स्वतः केंब्रिजला इंजिनीअरिंग शिकते, घरातली कॉलेजात गेलेली पहिलीच. मोजता येत नाही त्यावर बोलू नये, हे मला घरी आणि कॉलेजात दोन्हीकडे शिकवलं गेलं. हे आधी सांगते, कारण पुढचं मला मोजता आलेलं नाही.

बाबांनी उभी हयात मोटारीच्या कारखान्यात दुसऱ्यांच्या गाड्यांना दारं बसवली. स्वतःची गाडी घेतली ती रिटायर व्हायच्या थोडी आधी, जुनी, हिरवी. मग दर बुधवारी दोघं फिरायला निघायची. घाई नाही, ठरवलेलं काही नाही. डबा, थर्मास, आणि वाट फुटेल तिकडे. असंच हिंडता हिंडता त्यांना केंटच्या टोकाचं डंजनेस सापडलं. तिथे मैलोन्‌मैल नुसते गोटे. झाड नाही, कुंपण नाही, गोट्यांवर ओढून ठेवलेल्या होड्या, त्या ओढायचे गंजलेले रहाट, दोन दीपगृहं आणि मागे घुमणारं अणुवीज केंद्र. बाबा त्याला वाळवंट म्हणायचे. दोघं माणदेशातली, त्यांना तो उजाडपणा ओळखीचा वाटला असावा. आई म्हणायची, "गावाच्या वेशीबाहेर बसल्यासारखं वाटतं बघ. पण इथनं कुणी उठवत नाही."

आईला वाचता येत नव्हतं, मराठीही नाही, इंग्रजीही नाही. पण रस्ता ती सांगायची. इथल्या पबवर चित्रांच्या पाट्या असतात ना, त्यांवरून. "अहो, दाढीवाला आला, डावीकडे घ्या." "मेंढी गेली, आता सरळ." बाबांनी नकाशा कधी विकतच घेतला नाही.

आई अठ्ठ्याऐंशीच्या हिवाळ्यात गेली. शेवटचे महिने फार वाईट होते, त्याबद्दल नाही लिहीत. बाबांनी बुधवार मात्र सोडला नाही.

दोन वर्षांनी मिल्टन कीन्सहून दादाचा मला फोन आला. "हे बघ, बाबांकडून चाव्या काढून घे. माझ्याकडे आले होते, घरासमोरच्या राउंडअबाउटवर गोल गोल फिरत बसले. दार खरचटलंय. विचारलं तर म्हणतात, आधीच होतं."

"तूच सांग ना त्यांना."

"माझं ऐकतात का? तू कॉलेजवाली. त्यांच्याबरोबर एकदा जा, बघ, आणि काय ते ठरव. कुणाला उडवलं तर काय करशील?"

मी कबूल केलं. पण चाव्या काढून घ्यायच्या म्हणजे काय, ते मला कळत होतं. बाबांना त्या ओळीतल्या घराच्या पुढच्या खोलीत खिडकीशी बसवून यायचं. बस. दुसरं काही उरत नव्हतं त्यांच्याकडे.

ऑक्टोबरातल्या एका बुधवारी मी घरी गेले. टेबलावर आपल्या अंकाचं पाकीट न फोडता पडलं होतं. मला तेव्हाच कळायला हवं होतं, पण नाही कळलं. मी गाडीचं पुढचं दार उघडलं, तर बाबा म्हणाले, "मागं बस."

"का?"

"मागं बस की. ऐसपैस."

मी त्यांच्या मागे बसले. बाबांनी पुढच्या रिकाम्या सीटचा पट्टा ओढला आणि खट्‌कन लावला. मी बघते आहे हे आरशात त्यांना जाणवलं असावं. म्हणाले, "सवय आहे. कायदा झाल्यापासून दर वेळी मीच लावायचो. तिला ते बटण जमायचं नाही."

आणि गाडी... काय सांगू, सुरेख चालवली त्यांनी. डार्टफर्डचा बोगदा, मोटरवे, लॉऱ्या. मी मनातल्या मनात चुका शोधत होते, एक सापडेना. फक्त मधूनच ते अगदी हळू "हां" म्हणायचे. "हां, दिसलं." मग गिअर बदलायचे. एकट्या माणसाचं पुटपुटणं, असं मी समजले. दादाला काय सांगायचं तेही ठरवून टाकलं — चाव्या बाबांकडेच राहू देत.

अॅशफर्ड सोडून आम्ही रोमनी मार्शमध्ये उतरलो आणि धुकं आलं. तो सगळा भाग सपाट, दलदलीचा. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना पाण्याचे चर, आणि वळणं एकदम काटकोनात. थोड्याच वेळात बॉनेटसुद्धा नीट दिसेना. दुपारचे बारा वाजायचे होते.

"बाबा, थांबूया ना."

"कशाला? रस्ता पाठ आहे." ते वळले. पाटी नाही, खूण नाही, पांढऱ्यात पांढरं — आणि गाडी बरोबर वळणात. "हां," ते म्हणाले. परत वळले.

मग त्यांनी एकदम, पूर्ण ताकदीने ब्रेक दाबला.

मी त्यांच्या सीटवर आपटले. वर बघितलं तेव्हा जे दिसलं ते जसंच्या तसं लिहिते. पुढच्या रिकाम्या सीटचा पट्टा सीटला टेकलेला नव्हता. पुढे आला होता, ताणलेला, मध्ये काहीतरी रुंद असल्यासारखा फुगीर. ब्रेक लागल्यावर आपण पुढे जातो आणि पट्टा आपल्याला धरतो ना, तसा. पट्टा आणि सीट यांच्या मध्ये काही नव्हतं. माझा हात आरपार गेला असता. मग तो सावकाश मागे गेला, माणूस परत टेकून बसतो तसा, आणि सैल पडला.

मी खाली उतरले. बॉनेटपासून दोन पावलांवर शेतावरचा एक ट्रेलर रस्त्यात आडवा उलटला होता. दिवा नाही, माणूस नाही. त्यातले लोखंडी खांब निसटून आमच्या बाजूला आले होते, काचेच्या उंचीवर.

बाबा काच खाली करून म्हणाले, "काय आहे गं?"

"बाबा... तुम्हाला दिसलं नाही?"

"तुला दिसलं होतं?"

"नाही."

"मलाबी नाही."

जवळच्या शेतावर जाऊन मी सांगितलं. लोक आले, ट्रेलर बाजूला झाला. आम्ही पुढे डंजनेसला पोचलो तोवर धुकं विरायला लागलं होतं. बाबांनी आधी पुढचं डावीकडचं दार उघडलं, पट्टा सोडला, दार तसंच उघडं ठेवलं. मग गोट्यांवर चादर पसरून डबा काढला. चपाती, बटाट्याची भाजी.

"कोण सांगतं तुम्हाला?" मी विचारलं.

बाबांनी चहा फुंकला. "हे बघ. मी काही मानत नाही. भूत नाही, आत्मा नाही. मेलं माणूस की संपलं."

"मग?"

"मग काय? वळण सांगते. तेवढंच."

"आई?"

"नाव घेऊ नको. मला ठाऊक नाही कोण. आवाज तिचा." ते समुद्राकडे बघत होते, म्हणजे तोंड तिकडे होतं. "एकदा मी विचारलं होतं. म्हटलं, अजून दुखतं का गं? शेवटी शेवटी किती ओरडायची, तुला माहीत आहे. म्हटलं एवढं तरी सांग."

"काय म्हणाली?"

"'दाढीवाला आला. डावीकडे घ्या.'"

ते हसायला गेले, पण जमलं नाही. मी उठून लांबपर्यंत चालत गेले. त्या गोट्यांवर धावता येत नाही, पाय मागे मागे घसरतो. परत आले तेव्हा एवढंच कळत होतं की मला भीती वाटते आहे, बाबांची, गाडीची, त्या उघड्या दाराची. चादर गुंडाळून झाल्यावर बाबा पट्टा लावायला वाकले, तेवढ्यात मी मध्ये शिरून त्या सीटवर बसले. घरून निघताना मी रोड अॅटलस बॅगेत टाकला होता, तो मांडीवर उघडला.

"पोरी, मागं बस."

"नाही. मी रस्ता सांगते. मला वाचता येतं, बाबा."

ते दार धरून उभे राहिले. मला वाटलं, ओरडतील. पण त्यांनी फक्त माझा पट्टा ओढला, खट्‌कन लावला आणि दार बंद केलं.

परतताना स्वच्छ ऊन होतं, चरांतलं पाणी चमकत होतं. मी नकाशावर बोट ठेवून सांगत होते, "पुढे लेफ्ट, बाबा." ते पुढे निघून जायचे. "बाबा, लेफ्ट म्हटलं ना!" ते माझ्याकडे मान वळवून बघायचे, ओळख पटत नसल्यासारखं. समोरून आलेल्या व्हॅनवाल्याने हॉर्न मारला, शिव्या दिल्या. मग एका साध्या वळणावर बाबा वळलेच नाहीत. गाडी सरळ गवतात गेली, पुढचं चाक चरात उतरलं आणि इंजिन बंद पडलं.

बाबांनी स्टिअरिंग सोडलं नाही. "मला काही दिसत नाही," ते म्हणाले. "मघापासून कुणी काही सांगेचना."

एका मेंढपाळाने ट्रॅक्टरने आम्हाला ओढून काढलं. बाबांना उतरवताना मला विचारलं, "हे चालवत होते?" मी हो म्हटलं. त्याने बाबांच्या तोंडासमोर हात हलवून बघितला. ते मला अजून आठवतं.

गाडी त्याच्याच अंगणात ठेवून आम्ही अॅशफर्डहून ट्रेनने निघालो. ट्रेनमध्ये बाबांनी खिशातून चाव्या काढल्या आणि चाचपत माझ्या हातात दिल्या. मी मागितल्या नव्हत्या.

"दादाला सांग, दिल्या म्हणून."

"बाबा, डोळ्यांचं ऑपरेशन करू. मग परत—"

"नको. ती तिथंच उतरली." मग खिडकीकडे तोंड वळवून, "रस्ता कसा सापडायचा तिला? वाचता येत नाही."

ज्यांनी आयुष्यभर आत्मा नाकारला त्या माणसाने हे म्हटलं.

डोळ्यांच्या डॉक्टर बाई तपासून मला बाहेर घेऊन गेल्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पूर्ण पिकलेला. "बाहेर कोण नेतं यांना?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, परवापर्यंत स्वतः ड्राइव्ह करत होते. त्या म्हणाल्या, ते शक्य नाही, यांना गेलं वर्षभर उजेड आणि अंधार यापलीकडे फारसं काही कळत नसणार. मी म्हटलं, मी मागच्या सीटवर होते. त्यांनी मला नीट निरखलं आणि ऑपरेशनचा कागद पुढे केला.

ऑपरेशनची तारीख यायच्या आधी, फेब्रुवारीत, बाबा गेले. पुढच्या खोलीत, खिडकीशी. शेजारी खुर्ची होती, तिच्यावर ते कुणाला बसू द्यायचे नाहीत. कुणी बसायला लागलं की म्हणायचे, "मागं बस." आम्ही तेरावं केलं नाही. त्यांना आवडलं नसतं.

नंतर मी ड्रायव्हिंग शिकले. हिरवी गाडी आता माझ्याकडे आहे. मी काय केलं असेल, ओळखा... रिकाम्या रस्त्यावर पुढचा पट्टा लावून मी पुन्हा पुन्हा जोरात ब्रेक मारले. धुक्यात, उन्हात, वेगवेगळ्या स्पीडला. पट्टा अडकतो, पण सीटला चिकटूनच राहतो. पुढे येत नाही. रिकाम्या सीटवर येऊच शकत नाही. हे मी कागदावर गणित मांडून दाखवू शकते.

एकदा मी एकटी डंजनेसला गेले. पुढचं दार उघडं टाकून गोट्यांवर बसले. वारा होता, दार हलत होतं. उठले तेव्हा पट्टा ओढून खट्‌कन लावला आणि निघाले. दाढीवाल्याच्या पाटीपाशी डावीकडे वळायचं, हे मला चांगलं माहीत आहे. तरी तिथे गाडी थांबवून वाट बघत बसले. मागच्या गाडीने हॉर्न दिला तेव्हा वळले.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. पुष्कळ विचार केला, आणि आता भीती ही वाटते की कधीतरी ते मिळेल. गाडीत कुणी नव्हतं असं ठरलं, तर माझे बाबा वर्षभर आंधळे रस्त्यावर होते आणि त्यांना सोबत नव्हती. आणि कुणी होतं असं ठरलं, तर तिच्या जागेवर मी बसले. या दोन्हींतलं कोणतं खरं निघावं, हे मला अजून ठरवता येत नाही.

पुढची सीट मात्र रिकामी ठेवते. मैत्रिणी हसतात. मी म्हणते, मागे बस ना, ऐसपैस आहे.