चौकटीत आलेला ठिपका

त्याला सगळे लांबोजी म्हणत. उंचीवर जाऊ नका, उंची जेमतेम पाच फूट दोन इंच. लांब असायचे ते त्याचे फोटो. डोंगरांची अख्खी रांग एका फोटोत मावत नाही, म्हणून हा पठ्ठ्या डावीकडून उजवीकडे पंधरा-वीस फोटो काढायचा, घरी कॉम्प्युटरवर एकाला एक जोडायचा आणि भिंतभर लांब असा एकच पट्टा तयार करायचा. नाव मेहुण्याने ठेवलं, तेही लग्नाच्या पंगतीत, आणि ते असं चिकटलं की दुकानाच्या पाटीवरचं खरं नाव वाचूनही नवी गिऱ्हाइकं विचारायची, "लांबोजी इथेच बसतात ना?"

दुकान म्हणजे एक खोली आणि पडद्याआड अर्धी. वर्षभर तिथे पासपोर्टचे फोटो. "हनुवटी वर. हसू नका. हसलात तर सरकार परत पाठवतं." दिवसातून वीस वेळा तोच विनोद, आणि वीस वेळा स्वतःच हसायचं. पण पानगळ जवळ आली की त्याचं चित्त थाऱ्यावर नसे. वरच्या खिंडीतली झाडं जेमतेम आठ दिवस पिवळी, तांबडी राहतात. मग एक जोराचा वारा सुटला की खेळ खलास. ते आठ दिवस दुकानाला कुलूप.

एरवी माणूस गरीब गाय, पण कॅमेरा ट्रायपॉडवर चढला की त्याच्या अंगातच यायचं. ह्या जोडकामाचं शास्त्रच तसं. प्रत्येक फोटोचा तिसरा हिस्सा पुढच्या फोटोवर चढला पाहिजे, उजेड तोच राहिला पाहिजे आणि मुख्य म्हणजे समोर काही हलता कामा नये. दोन फोटोंच्या मध्ये कुणी चार पावलं चाललं, की जोडताना त्याची दोन भुतं होतात, नाहीतर धड एकीकडे आणि पाय दुसरीकडे. म्हणून चौकटीत माणूस दिसला की लांबोजी पिसाळायचा. बायको, मेहुणा, वाटेने जाणारे अनोळखी लोक, कुणावर खेकसायचं त्याने बाकी ठेवलं नव्हतं. आणि सगळ्यांत जास्त खेकसला होता तो दादावर.

दादा म्हणजे थोरला भाऊ. दुकान मूळचं त्याचंच. फोटो ब्लेडने कापून, डिंकाने चिकटवून जोडायचे, हे धाकट्याला त्यानेच शिकवलं. पण गेल्या दोन वर्षांत दादाचं डोकं हळूहळू रिकामं होत चाललं होतं. चहा संपवून चहा मागायचा. स्वतःच्याच घराची बेल वाजवून "मालक आहेत का?" विचारायचा. त्या आठवड्यात वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. "भाऊजी, दोन दिवस सांभाळा ह्यांना," त्या म्हणाल्या, "फक्त नजरेआड करू नका."

"वहिनी, तुम्ही अगदी निश्चिंत राहा," लांबोजी म्हणाला. आणि दुसऱ्याच दिवशी, खिंडीत रंग चढलाय असं कळताच, दादाला गाडीत घालून सरळ वर घेऊन गेला. आता काय बोलणार अशा माणसाला!

खिंडीच्या तोंडाशी त्याने ट्रायपॉड मांडला. मागे दहा पावलांवर एक सपाट दगड होता, तिथे दादाला बसवलं, हातात बिस्किटांचा पुडा दिला. "दादा, इथून उठायचं नाही. आणि माझ्या चौकटीत तर अजिबात यायचं नाही. आलास तर बघ!"

"नाही येत," दादा म्हणाला.

सूर्यावर ढग होता. तो सरकायची वाट बघण्यात अर्धा तास गेला, आणि तो सगळा वेळ लांबोजीची पाठ दादाकडे. चारच्या सुमाराला ऊन पडलं. त्याने आधी कॅमेऱ्यासमोर स्वतःचा पंजा धरून एक फोटो घेतला. फोटोंची रांग इथून सुरू झाली, हे घरी कळावं म्हणून. मग एक, दोन, तीन. आठ झाले. नवव्याला समोरच्या उतारावर, खिंडीला वळसा घालून जाणाऱ्या पायवाटेवर, एक ठिपका हलताना दिसला.

"आला का शहाणा, नेमका आत्ताच!" लांबोजी दात-ओठ खात पुढे झाला, दोन्ही हात हवेत फेकून ओरडला, "ओ! बाजूला! बाजूला व्हा तिकडे!" ठिपका थांबला. थोडा वेळ गोंधळून उभा राहिला. मग निमूट उजवीकडे गेला आणि काळ्या खडकामागे दिसेनासा झाला. "हां, शाब्बास," लांबोजी पुटपुटला. बिघडलेली रांग त्याने तिथल्या तिथे पुसून टाकली. घरी घोळ नको म्हणून ती त्याची सवयच होती. पुन्हा पंजा, पुन्हा एकापासून एकोणीस, पुन्हा पंजा. त्याने पडद्यावर बघितलं. काय उतरलं होतं! माणसाचा मागमूस नाही.

"झालं रे दादा, चल," म्हणत तो वळला.

दगड रिकामा होता. बिस्किटांचा पुडा घडी घालून नीट ठेवलेला.

त्याने गाडीत बघितलं. गाडीमागे, गाडीखाली बघितलं. "दादा! ए दादा!" हाका नुसत्या दरीत गेल्या. वहिनींनी विणलेला विटकरी स्वेटर दादाच्या अंगात होता, आणि त्या दिवशी अख्खा डोंगर विटकरी झालेला. प्रत्येक झुडूप दादासारखं वाटायचं. वारा आला की सगळीच झुडपं हलायची. लांबोजी घाबरला. वहिनींचं एकच वाक्य कानात घुमत राहिलं. फोनला रेंज नव्हती. खाली वस्तीत जाऊन माणसं आणायची तर जायलाच तास, आणि ऊन तर अर्ध्या तासात कड्यामागे जाणार.

फोटोत कुठे दिसतोय का, म्हणून त्याने कॅमेरा काढला. एकोणीसच्या एकोणीस फोटो मोठे करून करून बघितले. कुठेही कुणी नाही. नसणारच, त्याने कुणाला राहू दिलं होतं का? आणि मग त्याला तो ठिपका आठवला. ठिपका हात मागे बांधून चालत होता. डोंगरात हात मागे बांधून कोण चालतं? असा चालायचा एकच माणूस, दुकानात, पडद्यापासून दारापर्यंत, गिऱ्हाईक नसताना.

काळ्या खडकामागे काय आहे, हे लांबोजीला सांगायला नको होतं. अकरा वर्षं तो खडक त्याच्या फोटोंत होता. त्याच्या मागे पाऊलभर रुंद एक कपार, आणि पुढे काही नाही. खाली थेट नदी. आणि दादाला तिथे त्यानेच पाठवलं होतं, दोन्ही हातांनी इशारा करून!

चोपन्न वर्षांचा माणूस धावला. दोनदा पडला, गुडघा फोडून घेतला, पण थांबला नाही. खडक जवळ आल्यावर मात्र तो थबकला. हाक मारावी तर दादा दचकेल आणि एक पाऊल चुकलं तर संपलं. न मारावी तर तो तिथे आहे की नाही, हे वाकून बघावं लागेल, आणि तेवढं धैर्य त्याच्यात नव्हतं. जन्मभर ओरडलेला हा माणूस चवड्यांवर, श्वास धरून, खडकाला हात लावत पुढे सरकला.

दादा होता. खडकाला पाठ चिकटवून ताठ उभा. बुटांची टोकं कपारीच्या कडेबाहेर आलेली. वाऱ्याने स्वेटर फडफडत होता.

"दादा," लांबोजी अगदी हळू म्हणाला.

दादाने मान वळवली आणि ओठांवर बोट ठेवलं. "शू! हळू बोला. आणि तुम्हीसुद्धा आत सरका, तिथून दिसाल त्याला."

"कोणाला?"

"माझा धाकटा भाऊ आहे पलीकडे. फोटो काढतोय. मध्ये कुणी आलं की फार रागावतो हो."

जन्मात पहिल्यांदा दादा त्याला 'तुम्ही' म्हणाला होता. 'अरे, मीच तो' असं लांबोजीच्या अगदी ओठांवर आलं, आणि त्याने ते गिळलं. रागावणारा भाऊ हाच, असं कळलं असतं तर दादा कुठे सरकला असता? मागे खडक होता. पुढेच सरकला असता.

"त्यांचं काम झालं," तो म्हणाला. "त्यांनीच पाठवलंय मला, तुम्हाला न्यायला. हात द्या बघू. खाली नका बघू, माझ्याकडे बघा."

दादाने त्याला नीट न्याहाळलं. "रागावलाय का तो?"

"नाही हो."

"मग तुमचा गुडघा का असा फुटलाय?"

लांबोजी आणखी पुढे सरकला. त्याने मनगट घट्ट धरलं आणि ओढलं. एक पाऊल. एक खडा सुटला, खाली गेला, आणि पडल्याचा आवाज आलाच नाही. दुसरं पाऊल. तिसऱ्याला पायाखाली गवत आलं आणि लांबोजी होता तिथेच मटकन बसला. हुंदका फुटला तो फुटलाच.

दादा मात्र बसला नाही. तो झुडपाआडून पलीकडच्या ट्रायपॉडकडे बघत होता. "तुम्ही पुढे व्हा," तो कुजबुजला. "त्याला आधी विचारून या, मी आलो तर चालेल का."

"चालेल म्हणालेत," लांबोजी म्हणाला. "हवं तितकं मध्ये या, म्हणालेत."

दादाचा विश्वास बसला नाही. गाडीपर्यंतची सगळी वाट तो वाकून, झुडपांच्या आडोशाने चालला.