सिलिंडरच्या खोलीतली मावशी

मावशीला झुरळाची भीती नव्हती, पालीची नव्हती, साहेबांची तर नव्हतीच नव्हती. भीती होती ती तळघरातल्या एका लोखंडी सिलिंडरची.

त्याच तळघरातल्या शेवाळाच्या प्रयोगशाळेत ती काचेची भांडी धुवायची. खोलीत हिरव्या पाण्याच्या बाटल्या ओळीने मांडलेल्या, प्रत्येकीत एक नळी, नळीतून हवा आणि त्या हवेत सिलिंडरमधून मिसळलेला कार्बन डायऑक्साइड. याच वायूने तिच्या नवऱ्याचा जीव घेतला होता. दारूच्या कारखान्यात तो आंबवणीची टाकी धुवायला उतरला आणि वर आला तो चौघांच्या हातांवर. या वायूला ना रंग, ना वास. शत्रू दिसला तर माणूस काठी तरी उचलेल. इथे उचलणार काय, कप्पाळ!

पण पोट कुणाला चुकलंय? दुसरी नोकरी मिळेना, तेव्हा तिने एक युक्ती काढली. सकाळी खोलीत शिरलं की आधी सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद. दुपारी भांडी आटोपून निघताना पुन्हा चालू. हवेचा पंप वेगळा होता, त्यामुळे बुडबुडे तसेच येत राहायचे आणि कुणाला पत्ता लागायचा नाही. शेवाळ काही चहाडी करणार नव्हतं, असं तिला वाटायचं.

शेवाळाने चहाडी केली. संशोधन करणारी पोरगी, जिची पदवी या बाटल्यांवर अडली होती, एक दिवस जिन्यात डोकं धरून बसली.

"मावशी, यांना मी भरपूर गॅस देतेय. तरी ही उपाशी असल्यासारखी का वागतात?"

मग तिनेच समजावलं. पाण्यातला हा वायू कमी पडला तरी शेवाळ हातपाय गाळत नाही. काही तासांतच त्याच्या पेशी वायू ओढून घेणारे पंप उभे करतात, मिळेल तो कण आत घेतात आणि अन्न तयार होतं तिथे नेऊन साठवतात. पोटभर मिळत असताना एवढा खटाटोप कोण करील?

"म्हणजे नळ्यांतून गॅस गळतोय," पोरगी म्हणाली. "उद्या शोधूनच काढते."

मावशीने मनात हिशेब मांडला. खरं सांगावं तर नोकरी जाणार, आणि घरी अंथरुणाला खिळलेली सासू. ती भांडी धुवायला निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा खोलीला आतून कडी होती. दाराच्या काचेतून पोरगी दिसली. नळ्यांच्या सांध्यांना साबणाचा फेस लावून ती कुठे फुगा येतो ते बघत होती. फेस उडू नये म्हणून पंखाही बंद केलेला. गळती दिसावी म्हणून व्हॉल्व्ह सताड उघडलेला, आणि एक नळी बाटलीतून निसटून जमिनीवर फुसफुसत पडलेली. पोरगीचं तिकडे लक्षच नव्हतं.

मावशीने दार ठोठावलं. पोरगीने मान न वळवता हाताने "थांबा" म्हणून खूण केली. मग कपाळ चोळलं, भिंतीला टेकली आणि खालच्या नळ्या तपासायला जमिनीवर बसली.

जमिनीवर! हा वायू जड, तळाशीच साचतो, हे मावशीला कुणी शिकवायला नको होतं. तिने दोन्ही मुठींनी दार बडवलं.

"बाहेर ये गं! आधी बाहेर ये!"

"पाच मिनिटं, मावशी..." आवाज जड आला.

"गळती नाही गं कुठे! मी बंद करते तो गॅस! रोज सकाळी मीच बंद करते!"

पोरगी जागची हलली. धडपडत उठली, कडी काढली. चेहरा पांढराफटक, ओठ सुकलेले. मावशीने तिचं मनगट पकडलं आणि तिला जिन्याकडे ओढलं.

"तुम्ही? रोज?" पोरगीचे डोळे भरून आले. "मावशी, माझं अख्खं वर्ष गेलं हो."

"गेलं. साहेबांना माझं नाव सांग."

"व्हॉल्व्ह उघडाच राहिलाय..." ती मागे वळायला लागली.

"मरू दे त्याला," मावशीने मनगट सोडलं नाही. "तू आधी वर चल."