चूक कोणाची

पहिल्या बाळंतपणासाठी मी नाशिकला माहेरी आले होते, तेव्हा नगरपालिकेची निवडणूक लागली होती. इंग्रजांच्या राज्यात मताचा हक्क सगळ्यांना नव्हता; आमच्या वस्तीत तो थोड्यांनाच, त्यात माझा बा. पलटणीतून हवालदार होऊन पेन्शनीवर आलेला.

एका सकाळी आमच्या भागातले वकीलसाहेब मत मागायला दारात आले. आधी निवडून आले होते तेव्हा सार्वजनिक नळ सगळ्या जातींना खुले करायचा ठराव आला होता, आणि यांनी विरोधात हात वर केला होता. ठराव पडला. आम्ही नदीवरूनच पाणी आणत राहिलो.

बाने त्यांना खाटेवर बसवलं, स्वतः उभा राहिला. "साहेब, आमच्या पाण्याला तुम्ही नाही का म्हणालात?"

"पाण्याला नाही, हवालदार, ठरावाला. लोकांची मनं तयार नव्हती. मारामारी झाली असती, तुमच्याच माणसांची डोकी फुटली असती."

आई चुलीपासून म्हणाली, "म्हंजी आमच्यासाठीच हात वर केला म्हना."

साहेबांनी मान खाली घातली. "चूक झाली. या खेपेला ठराव मी मांडेन."

"हे आमच्या दारात नगा सांगू," बा म्हणाला. "सभेत सांगा."

सभा बाजारात भरली. आमची माणसं, मी आणि आईसुद्धा, मागे भिंतीला लागून उभी. साहेब रस्त्यांवर बोलले, दिव्यांवर बोलले, आणि शेवटी घाईघाईत म्हणाले, "नळांच्या बाबतीत मागे चूक झाली."

"कोनाची?" बाने मागून विचारलं.

सगळ्या माना वळल्या. पुढचे दोघे काठ्या घेऊन उठले. "गप्प बसव रे त्याला," कोणीतरी ओरडलं. मी आईचा दंड घट्ट धरला. पोटात बाळ हललं. बा हलला नाही. साहेबांनी त्या दोघांकडे पाहिलं, मग बाकडे.

"माझी," ते म्हणाले. "मी भ्यालो होतो."

एक दगड त्यांच्या टेबलावर येऊन आदळला. सभा तिथेच मोडली. आम्ही बाला मधे घेऊन गल्लीगल्लीने घरी आलो.

निवडणुकीत साहेब पडले. बाने मत त्यांनाच दिलं होतं. आईला ते कधीच पटलं नाही. "चार मानसांत भ्यालो म्हनला, त्यानं नळ आला का?" ती विचारायची.