अंगठा बघणारे सर

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. अर्ज सोडून मी आजवर काही लिहिलेलं नाही. तेव्हा एका माणसाबद्दल लिहायला बसणं हा आगाऊपणाच आहे. चुकलं तर सांभाळून घ्या.

"मोबाईल टेबलावर. पालथा." सरांच्या मुलाखतीची सुरुवात अशी व्हायची.

शहरातल्या सात रस्ता चौकात, एका मेडिकलच्या वर, ऑनलाइन रमीच्या कंपनीचं ऑफिस होतं. हरलेल्या, अडकलेल्या, चिडलेल्या लोकांचे फोन तिथे यायचे. ते घ्यायला मुलं-मुली निवडण्याचं काम सरांचं. आधी ते सूतगिरणीत कामगार भरती करायचे. गिरणी बंद पडली आणि ते इथे एचआर झाले. खिशाला दोन पेनं लावायची सवय मात्र गिरणीतलीच.

मला ती नोकरी हवीच होती. नाहीतर शेवटचं वर्ष सोडून गावी परतावं लागलं असतं. म्हणून परीक्षेसारखी तयारी केली. पंधरा दिवस रोज ॲपवर रमी खेळलो, वहीत टिपणं काढली.

"कुटलं गाव?"

"करमाळ्याकडचं, सर. आणि सर, मी पंधरा दिवस रोज खेळलोय."

सरांनी पेनाला टोपण लावलं. "ते दिसतंय की."

मी खाली पाहिलं. पालथ्या मोबाईलशेजारी माझा उजवा अंगठा आपणहून पत्ते सरकवत होता.

"अभ्यास म्हणून खेळलो, सर."

"जिंकलास का?"

"न्हाय."

"मग अभ्यास बी कच्चा. खेळणारा माणूस मी घेत न्हाय. फोनवर कुणी रडायला लागलं की ह्यो म्हणतो, अजून एक डाव खेळा. काढून टाक ते ॲप. आठ दिवसांनी ये. अंगठा बघतो."

आठ दिवस मी अंगठा मुठीत धरून हिंडलो. नंतरच्या मुलाखतीत सरांनी उगाच आमच्या म्हशींची चौकशी केली. नजर सगळी हातावर. शेवटी म्हणाले, "बरा झालास. सोमवारपास्नं ये."

बेंगळुरूच्या मुख्य ऑफिसातल्या मॅडम व्हिडिओवर विचारायच्या, "मुलांना गेमिंगची आवड आहे ना?"

"लई आवड, मॅडम. झोपत न्हाईत," सर म्हणायचे, आणि समोरच्या फॉर्मवर लिहायचे: खेळत नाही. घ्यावा.

मी कुठल्या कंपनीत आहे हे वडिलांना सांगायची माझी हिंमत नव्हती. एकदा वडिलांशी बोलत असताना सरांनीच माझ्या हातातून फोन घेतला. "पाव्हणं, तुमचं पोरगं दिवसभर लोकांच्या शिव्या खातं आन् त्यांची समजूत काढतं."

"म्हंजी सरकारी हाय म्हणा की!" वडील खूश.

मग कायदा आला. पैशांचे ऑनलाइन खेळ बंद झाले, ऑफिसलाही कुलूप लागलं. सरांनी आम्हा प्रत्येकाला चिंचोळी एमआयडीसीतल्या ओळखीच्या कारखान्यांसाठी चिठ्ठी दिली. माझ्या शेजारच्या खुर्चीवरची श्रीलता टॉवेलच्या कारखान्यात एचआरला लागली, मी दुसऱ्या एका ठिकाणी स्टोअरमध्ये.

"सर, तुमचं काय?" मी विचारलं होतं.

"माझी चिठ्ठी कोण लिवणार?" ते हसले आणि स्कूटरला किक मारली. त्यानंतर त्यांचा फोन लागला नाही.

गेल्या महिन्यात श्रीलताचा फोन आला. "अरे, सर आलेले मुलाखतीला. माझ्यापुढं!"

"मग?"

"न सांगताच मोबाईल पालथा ठेवला. आणि अंगठा हलत होता रे. मी बघितलं, हे त्यांनीपण बघितलं. म्हणाले, कायदा आला तरी कुटंतरी चालूच असतंय गं."

सरांना खेळणारा अंगठा इतका अचूक कसा ओळखू येतो, हे आम्हाला कधी विचारावंसंच वाटलं नव्हतं.

"घेतलंस का?"

"मी म्हटलं, सर, काढून टाका. आठ दिवसांनी या, अंगठा बघते. मोबाईल उचलून निघून गेले."

आठ दिवस झाले, पंधरा झाले. सर आले नाहीत. ती जागा श्रीलताने कुणाला दिली नाही. मॅनेजरला रोज नवं कारण सांगत राहिली. मला रोज वाटायचं, तिने तसं बोलायला नको होतं.

काल तिचा मेसेज आला.

"सर आले. अर्धा तास मी त्यांना उगाच म्हशींबद्दल विचारत बसले. त्यांच्याकडे म्हैसच नाही रे. अंगठा शांत. फॉर्मवर लिहून दिलं: खेळत नाहीत. घ्यावे."